दारावर डकवलेलं समन्स

४ मार्च

सूनबाई,

शनिवारी सकाळी कोर्टाचा बेलिफ तुझ्या नावाचं समन्स घेऊन आपल्या दारात आला, आणि तुझ्या नवऱ्याने दार अर्धवट उघडून त्याला सांगितलं, ती आत आहे, पण कागद घ्यायला नाही म्हणते. तू या घरातून गेलीस त्याला आठ महिने होत आले. म्हणून हे पत्र. जाताना तू शेजारणीकडे निरोप ठेवला होतास की माझा आवाजसुद्धा तुला नको. आवाज येणार नाही. अक्षर तेवढं सोसून घे. ते वाकडं आलंय, कारण मनगट दुखावलंय. त्याची चौकशी नको.

काय झालं ते क्रमाने सांगते. बेलिफ म्हणजे कोर्टाचे कागद घरोघर पोचवणारा कर्मचारी. त्याने विचारलं, आपण कोण? हा म्हणाला, "घरातलाच." खोटं काय बोलला? काहीच नाही. तुझ्याविरुद्ध अर्ज करणारा आपणच, एवढं फक्त सांगितलं नाही. बेलिफ घाईत होता, काखेत कागदांचा गठ्ठा. त्याने जिन्यातूनच आत आवाज दिला, बाई, घेताय का, नाहीतर दारावर लावून जातो. आत मी होते आणि ठकी होती. मी बोलायला उठले होते. बोलणं झालं नाही. बेलिफाने कागद दारावर डकवला, वहीत काहीतरी खरडलं आणि खाली उतरला. खळ वाळायच्या आत याने तो सोडवून टेबलावर टाकला. मी एकदाच वाचला. कायद्याच्या पुस्तकांची प्रुफं तपासण्यात जन्म गेलेल्या बाईला एकदा पुरतं.

आता नीट वाच, आणि उभ्याने वाचू नकोस, बस.

समन्स म्हणजे बोलावणं. ती शिक्षा नाही, अटक नाही, पोलीस नाही. कोर्ट म्हणतं, अमक्याने तुझ्याबद्दल काही मागितलंय, येऊन तुझं म्हणणं सांग. मागणारा तो अर्जदार. तू जाबदार. हा शब्द ऐकून तू घाबरशील म्हणून सांगते, जाबदार म्हणजे गुन्हेगार नव्हे. जिने जबाब द्यायचा ती.

त्याने मागितलाय ठकीचा कायमचा ताबा. ताबा म्हणजे मूल कुणाजवळ राहणार, कुणाच्या शब्दाने शाळेत जाणार, कुणाच्या परवानगीने दुसऱ्याला भेटणार. कारण दिलंय की तू पोटच्या मुलीला टाकून निघून गेलीस. तुला जिन्यात काढून आतून कडी घातली आणि परत दार वाजवलंस तर पोरीला खिडकीतून फेकीन असं ओरडला, हे अर्जात नाही. अर्जात तुझा पत्ता म्हणून आपल्याच घराचा पत्ता आहे. तो का, हे तुझ्या लक्षात यायला हवं. कागद तुझ्यापर्यंत पोचूच नये आणि पोचला असं मात्र दिसावं.

तारीख सव्वीस मार्च आहे. त्या दिवशी तू आली नाहीस तर कोर्टापुढे एकच माणूस उभा असेल. एकाचंच ऐकून दिलेल्या निकालाला एकतर्फी हुकूम म्हणतात. तो झाला की ठकी त्याच्याजवळ. आत्ता आहे तशीच, पण कायद्याने.

माझ्याकडे कायद्याची पदवी आहे हे तुला ठाऊक आहे. कोर्टात मात्र मी कधी उभी राहिलेली नाही. शब्द मला माहीत आहेत, ती जागा माहीत नाही. तेव्हा मी वकील नव्हे, हे लक्षात ठेव आणि वकील गाठ.

तुझा पत्ता आमच्या प्रेसमधल्या बाइंडरबाईने दिला. तिनेच तुला त्या विणकामाच्या कारखान्यात चिकटवलं, हे मला परवा कळलं. इतके महिने माझ्याशेजारी बसून पुस्तकं शिवते आणि ब्र काढला नाही. मी तिच्यावर रागावले. मग म्हटलं, बरं केलं.

उत्तर तिच्या नावाने, प्रेसच्या पत्त्यावर. घरी नाही. माझा फोन त्याने दुरुस्तीला दिलाय, असं तो म्हणतो.

ठकी बरी आहे.

तुझी सासू


९ मार्च

सूनबाई,

तुझं पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला.

तू लिहितेस, कागद मी हातात घेतलेलाच नाही, मग तो मला लागू कसा? तुझे वडील घरमालकाच्या दाव्यात बेलिफ आला की गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायचे, सहा वर्षं बसले आणि शेवटी जिंकले. सूनबाई, ते जिंकले नाहीत. घरमालक वारला आणि त्याच्या मुलांना भांडण चालवायचा कंटाळा आला. हे मला त्यांनीच तुमच्या लग्नात सांगितलं, हसत हसत. तुम्हा बहिणींना मात्र टाकीची गोष्ट तेवढी सांगितलेली दिसते.

कागद नाकारला की तो मिळाल्यासारखाच धरतात. दारावर डकवला तरी तेच. कोर्ट तुझी बोटं तपासत नाही. बेलिफ लिहून देतो, गेलो, विचारलं, नाही म्हणाली, डकवला. याला बजावणी म्हणतात, आणि कोर्टाच्या लेखी ती झाली आहे. तुझा नवरा तुझ्या वडिलांपेक्षा हुशार आहे. ते स्वतःसाठी लपायचे. हा तुझ्या वतीने लपतो.

दुसरं. त्याने तुला नव्या नंबरावरून निरोप धाडला की गावात पाऊल टाकलंस तर सोन्याची साखळी चोरल्याच्या गुन्ह्यात आत घालीन. घाबरलीस, हे मी समजू शकते. पण आत घालणं त्याच्या हातात नाही. तक्रार कुणीही करू शकतो. तक्रार म्हणजे एकाचं म्हणणं. त्यावर पोलीस चौकशी करतात, गुन्हा शाबीत होतो तो कोर्टात, पुराव्याने. आणि तरी धास्ती वाटत असेल तर वकिलाला अटकपूर्व जामिनाबद्दल विचार. म्हणजे पकडण्याआधीच कोर्टाकडून घेतलेली हमी की धरलं तरी सोडून देतील. साखळी त्याच्याच कपाटात आहे. मी पाहिली आहे.

वकिलाला देण्यासारखं हाताशी काही नाही म्हणतेस. नसू दे. तिथल्या कोर्टाच्या इमारतीत मोफत वकील देणारं कार्यालय असतं. बायकांना आणि मुलांना त्यासाठी कमाई दाखवावी लागत नाही. आत जा आणि सांग, माझ्या मुलीच्या ताब्याचा अर्ज अमुक कोर्टात लागलाय, मला तिथला वकील द्या. ते इकडे पत्र करतील. रडायचं असेल तर आधी रडून घे, मग आत जा. रडत सांगितलं तर कारकुनाला रडणं तेवढं समजतं, तारीख समजत नाही.

तिसरं तू शेवटी लिहिलंस, पण तेच पहिलं असणार. हे पत्र त्यानेच तुमच्याकडून लिहून घेतलं नाही कशावरून?

कशावरूनही नाही. मी तुझ्या जागी असते तर हेच विचारलं असतं. तुला जिन्यात काढलं त्या संध्याकाळी मी प्रेसमध्ये होते, दाराआड नव्हते. पटलं तर पटलं. एकच सांगते. ठकी झोपताना दुसऱ्याच्या कानाची पाळी धरते, स्वतःच्या नाही. तू गेल्यापासून माझी धरते. हे तुला माहीत आहे आणि आता मला. त्याला माहीत नाही, कारण तिला झोपवायला तो कधी बसलेला नाही.

आजपासून घरी माझं बोलणं कमी आहे. या पत्रांचं काही तोंडून निसटू नये म्हणून.

तुझी सासू


१४ मार्च

सूनबाई,

गेलीस, वकील मिळाली, आणि बाई आहे. छान. वकीलपत्रावर सही केलीस म्हणतेस. वकीलपत्र म्हणजे माझ्या वतीने हिने बोलावं, एवढीच परवानगी. तुझं घर, तुझी मुलगी, तुझं काही त्याने तिच्या नावावर होत नाही. मात्र यापुढे कोऱ्या कागदावर सही करायची नाही, कितीही गोड बोलून मागितली तरी. वाचून दाखवा म्हण. त्या कंटाळल्या तर कंटाळू देत.

शपथपत्र काय असतं विचारलंस. तुझं म्हणणं कागदावर लिहायचं, हे मला माहीत आहे आणि खरं आहे अशी शपथ घ्यायची आणि अधिकाऱ्यासमोर सही करायची. साध्या बोलण्यात खोटं बोललं तर ते खोटं. शपथपत्रात बोललं तर तो गुन्हा. म्हणून त्यात ऐकीव काही घालू नकोस. जे डोळ्यांनी पाहिलं, अंगावर झेललं, तेवढंच. "नेहमी मारायचा" असं लिहू नकोस. कधी, कशाने, कोण होतं, ते लिही. आठवत नसेल तिथे आठवत नाही असं लिही. त्याने खरेपणा कमी होत नाही.

हे इतकं चटकन लिहिता आलं, कारण माझ्यापुढे एक शपथपत्र पडलेलं आहे. सांगणार नव्हते. ते माझं आहे. म्हणजे माझ्या नावाचं.

त्याच्या वकिलाने तयार केलंय. मी, वय इतकं, शपथेवर लिहून देते की जाबदार मुलीला उपाशी ठेवत असे, कोंडून ठेवत असे, मी हे स्वतः पाहिलं आहे, आणि मुलगी माझ्या देखरेखीत सुखात आहे. आजीचा शब्द कोर्टात वजनदार असतो, असं वकील त्याला म्हणाला. एकाच घरात राहिलेली बाई म्हणून जास्तच.

सही कर म्हणाला. मी म्हटलं, वाचून करीन. वाचलं आणि चुका काढल्या. ठकीचं वय सहा लिहिलं होतं, ती पाचाची आहे. आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो, यांनी तिसरा लिहिला. मला सेवानिवृत्त केलं, मी अजून रोज प्रेसला जाते. मी लाल पेन्सिलीने खुणा केल्या आणि परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला तुमच्या लग्नाचं साल चुकलं होतं. तिसऱ्या खेपेला काही चुकलं नव्हतं, तेव्हा मी म्हटलं, हा परिच्छेद आधीच्याशी विसंगत आहे, उपाशी ठेवलेली मुलगी शाळेत वजनात दुसरी कशी आली?

तेव्हा म्हणाला, "आई, मी सही मागितली. प्रूफ नाही."

मी म्हटलं, "खोटंच लिहायचं तर निदान मजला तरी बरोबर लिहा."

हसला. मग हसायचा थांबला. तो हसायचा थांबतो ते कसं, हे तुला लिहायला नको.

चौथी प्रत सोमवारी येणार आहे. माझ्याकडे फारशा चुका उरलेल्या नाहीत.

तुझी सासू


१८ मार्च

सूनबाई,

हे पत्र वाचलंस की त्याच दिवशी वकीलबाईंना फोन कर. कारण शेवटी लिहिलंय, काम आधी लिहिते.

त्यांना सांग, मुलीला गावाबाहेर न्यायला मनाई मागा. मनाई हुकूम म्हणजे निकाल लागेपर्यंत अमुक करायचं नाही असं कोर्टाने बजावणं. आणि सव्वीस तारखेला मुलीला कोर्टात हजर करायचा आदेश मागा. आज मागा. उद्या नाही.

आता कारण. काल जेवताना तो म्हणाला, ठकीला थोडे दिवस हवापालटाला पाठवू, माझ्या एका मित्राकडे. कुठे, तर सांगत नाही. कधी, तर लवकरच. तिच्या बॅगेत स्वेटर घातलाय. मी काढला, त्याने परत घातला.

तो रोज संध्याकाळी तिला समोर बसवतो आणि विचारतो, जज विचारतील आई मारायची का, तर काय सांगायचं? ती मानेनेच हो म्हणते. मग तो लिमलेटची गोळी देतो. ती गोळी घेऊन माझ्याकडे येते आणि विचारते, आजी, ही कुठे ठेवू? एकही खात नाही. पहिल्या पत्रात तिला बरी आहे लिहिलं. ती बरी नाही. त्याच्यासमोर तिचा आवाज निघत नाही, माझ्याशी कानात बोलते, आणि दाराची कडी वाजली की टेबलाखाली जाते. तिथून तिला ओढून काढायला लागत नाही, हाक मारली की स्वतःच बाहेर येते. ते मला जास्त वाईट वाटतं.

आणि तो प्रेसमध्ये आला होता. शुक्रवारी, दुपारी. कधी येत नाही. कागद कापायच्या मशीनपाशी उभा राहिला, पात्याला बोट लावून पाहिलं आणि बाइंडरबाईला म्हणाला, मावशी, तुम्हाला हल्ली फार पत्रं येतात म्हणे. कोण म्हणालं, ते कळलं नाही. तुझं पत्र तिच्या मांडीवर, शिवायच्या कागदांखाली होतं. ती मान वर न करता म्हणाली, "माझ्या सासूची आहेत. वाचायचीत? नुसत्या शिव्या आहेत." त्याला हसावं लागलं. माझ्याकडे बघून म्हणाला, संध्याकाळी घ्यायला येतो, एकटी येऊ नकोस. रोज येतो तेव्हापासून. त्या दुपारी बाइंडरबाईने सोळा पानांचा एक फर्मा उलटा शिवला. तिच्या हातून असं झालेलं मी पाहिलेलं नव्हतं.

हे पत्र मी प्रुफाच्या पाठीवर लिहितेय आणि वर तपासायची पानं ठेवलीत. दारात सावली आली की उलटते.

मनगटाचं विचारू नकोस म्हटलं होतं, तरी तू दोनदा विचारलंस. बेलिफ जिन्यात होता तेव्हा मी बोलायला उठले. त्याने हात धरला आणि पिळला. आवाज न करता. मीही केला नाही, कारण ठकी बघत होती. एवढंच.

तुझी सासू


२२ मार्च

सूनबाई,

मनाई मिळाली, मुलीला हजर करायचा आदेशही निघाला. काल त्याच्या वकिलाचा फोन आला तेव्हा मी भांडी लावत होते. त्याने फोन ठेवला, खिडकीपाशी गेला. मग मला म्हणाला, तिला तारीख कळली कशी? मी म्हटलं, दारावर चिकटवलेला कागद सगळा जिना वाचतो. मी भांडी लावत राहिले. एक कप फुटला, तेवढं झालं.

आता तुझ्या प्रश्नांकडे. पुकारा म्हणजे शिपाई दाराशी येऊन नावं घेतो, ते. नाव ऐकलं की आत जायचं. चहाला जायचं नाही, पाणी प्यायला जायचं नाही, पुकाऱ्याला गैरहजर ती गैरहजरच. कैफियत म्हणजे त्याच्या अर्जाला तुझं लेखी उत्तर, ते वकीलबाई देतील. उलटतपास म्हणजे समोरचा वकील तुझं बोलणं खोडून काढायला प्रश्न विचारतो. तो तुला चिडवेल. ते त्याचं काम आहे. तू हो किंवा नाही म्हण आणि गप्प बस. गप्प बसल्याने कोण काय हरलंय? इन कॅमेरा सुनावणी म्हणजे कॅमेरे लावून नव्हे, उलट दार लावून, बाहेरचं कुणी नसताना. मुलांच्या बाबतीत तसं करतात. तेव्हा ठकीचं बोलणं तो ऐकणार नाही.

मी तिथे असेन. चौथ्या प्रतीत चूक सापडली नाही. मी त्याला म्हटलं, घरी सही केली तर तुझ्या बायकोची वकील म्हणेल दबावाखाली घेतली. कोर्टातल्या अधिकाऱ्यासमोर करते, आणखी पक्कं होईल. तो वकिलाशी बोलला. वकील म्हणाला, म्हातारी हुशार आहे. म्हणून मला नेणार आहेत, साक्षीदार म्हणून.

तू विचारलंस, ऐन वेळी फिरलात तर? शेवटी तुम्ही त्याच्या आई आहात.

मलाही तीच भीती आहे. लपवून काय करू? तो लहानपणी तापाने फणफणला की माझ्या पदराचं टोक तोंडात धरून झोपायचा. त्याच्यासमोर उभी राहून मी काय बोलेन, हे आज खात्रीने सांगता येत नाही. आपल्याच बाजूने बोलावलेला साक्षीदार उलट बोलला तर त्याला कायद्यात फितूर साक्षीदार म्हणतात. हा शब्द मी शेकडो पानांवर तपासला आहे. कधी थबकले नव्हते. आता आरशात बघून म्हणून पाहिला.

तू मात्र ये. मी फिरले तरी तू आलेली असशील तर हुकूम एकतर्फी होणार नाही. माझ्यावर विसंबून येऊ नकोस, म्हणजे येशील.

यापुढे लिहू नकोस. बाइंडरबाईच्या टपालावर त्याची नजर आहे.

तुझी सासू


२६ मार्च, कोर्टाच्या व्हरांड्यातून

सूनबाई,

तू पंधरा हातांवर बसली आहेस आणि मी पत्र लिहितेय. वकीलबाई म्हणाल्या, ताबा देण्याची नोंद होईपर्यंत दोघींनी बोलू नका, त्याच्या वकिलाला वाटेल शिकवताय. म्हणून लिहून ठकीच्या सामानात ठेवते. तू रडते आहेस. बरंय, आता रड.

तुला बाहेर बसवलं होतं तेव्हा आत काय झालं, ते तुला माझ्याकडूनच कळावं.

न्यायाधीशबाईंनी शपथपत्र माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, हे तुमचं का? मी म्हटलं, "वर नाव आहे ते माझं. वय माझं. मधलं माझं नाही." त्याचा वकील उठला. म्हणाला, तुम्ही मुलाच्या घरात राहता, मुलाच्या घरी जेवता? मी म्हटलं, घर त्याच्या नावावर आहे हे खरं, स्वयंपाक मी करते. आवाज कापत होता. वाटलं होतं एकदा बोललं की थांबेल. थांबला नाही. बेलिफ आला तेव्हा घरात कोण होतं, हेही सांगितलं. मनगटाचं त्यांनी विचारलं, बांधलेलं दिसत होतं म्हणून. तेही सांगितलं. तो समोरच होता. त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्याने नुसतं पाहिलं आणि मान हलवली, मनातला हिशेब पक्का झाल्यावर हलवतात तशी.

मग सगळ्यांना बाहेर काढून ठकीला आत ठेवलं. ती हात सोडेना म्हणून मला बसू दिलं. न्यायाधीशबाईंनी तिला शाळेचं विचारलं, मैत्रिणींचं विचारलं. तिने उत्तर दिलं नाही. आई मारायची का, हे त्यांनी विचारलंच नाही. पोरगी इतकी घोकून आली होती, तिला कळेना आता काय करायचं. खूप वेळाने तिनेच तोंड उघडलं आणि विचारलं, "या खोलीला दुसरं दार आहे?"

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. उठून तिला मागचं दार दाखवलं, स्वतः उघडून. त्यानंतर दुसरा प्रश्न विचारला नाही.

हुकूम तू ऐकलास, पण ऐकताना तुझं लक्ष नव्हतं, म्हणून परत सांगते. तुला अंतरिम ताबा मिळालाय. अंतरिम म्हणजे निकालापर्यंत, तात्पुरता. जिंकलीस असं समजू नकोस. दर तारखेला ये. तो मुलीला भेटू शकेल, पण इथेच, मुलांच्या खोलीत, कर्मचारी बसलेले असताना. ते त्याला नाकारू नकोस, मोडलंस तर तुझ्यावर उलटेल. तुझा आत्ताचा पत्ता कोर्टाने बंद पाकिटात ठेवलाय, त्याला मिळणार नाही.

ठकीला दूध गरम लागतं, पण आता साय चालत नाही. रात्री दिवा लागतो. कडी तिच्यादेखत लावू नकोस. तिला हाक मारताना नुसतं नाव घेऊ नकोस, पुढे काहीतरी बोल, म्हणजे कशासाठी बोलावलं हे तिला कळेल.

तो पुढच्या फाटकाशी उभा आहे. गाडी चालू ठेवलीय. इथून दिसतो. शिपाई म्हणतो, मागे एक फाटक आहे, कँटीनच्या बाजूने, तिकडे रिक्षा मिळते. तुम्ही तिकडून निघा आणि थांबू नका. माझ्यासाठी थांबू नका. माझ्या सह्या राहिल्यात, त्या झाल्या की मीही मागूनच येते. आज राहायला बाइंडरबाईकडे. तिने पोटमाळा झाडून ठेवलाय म्हणते. संरक्षणाचा अर्जही दिलाय, सुनावणी उद्या आहे. संरक्षण आदेश म्हणजे त्याने जवळ यायचं नाही असा हुकूम, आणि तो आईलाही मागता येतो. पुस्तकात असतं. वापरून बघू.

काळजी करायचं कारण नाही.

ठकीची आजी


ताबा हस्तांतराची नोंद
(समुपदेशन कक्षाच्या नोंदवहीतून, जाबदारास दिलेली प्रत)

दिनांक २६ मार्च. आजच्या अंतरिम आदेशानुसार खालीलप्रमाणे ताबा देण्यात आला.

देणारी: मुलीची आजी (अर्जदाराची आई). घेणारी: मुलीची आई (जाबदार).

१. मुलगी, वय पाच वर्षे. प्रकृती ठीक. अंगावर निळा फ्रॉक, पायांत बूट.
२. कपड्यांची पिशवी, एक. त्यात फ्रॉक, चड्ड्या, एक स्वेटर.
३. जन्मदाखला, मूळ प्रत.
४. लसीकरणाचं कार्ड.
५. खोकल्याचं औषध, अर्धी बाटली.
६. कागदाच्या पुडीत दुधाचा दात, एक. मुलीच्या सांगण्यावरून नोंदवला.
७. बंद पाकीट, एक. देणारीचं. उघडलेलं नाही.

मुलीला ताबा देण्याचं कारण तिच्या भाषेत समजावून सांगण्यात आलं. तिने आजी पण येणार का असं विचारलं. देणारीने हो म्हणून सांगितलं.

वस्तू मोजून मिळाल्या. घेणारीची सही. देणारीची सही, डाव्या हाताने.

शेरा: सुरक्षेच्या कारणास्तव घेणारी व मुलगी यांना शिपायासोबत मागच्या फाटकाने पाठवण्यात आलं. देणारीलाही त्यांच्यासोबत जाण्यास सुचवलं होतं. तिने नकार दिला आणि कपडे पिशवीत काढल्याने रिकामी झालेली मुलीची बॅग मागून घेतली. ती हातात घेऊन देणारी पुढच्या फाटकाने गेली.